सुई खाली आली म्हणून इंजिन उघडू नका

आमचा धंदा कापडाचा. तरीही आज या पानावर मोटारीच्या इंजिनाविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन 2014 साली थांबवले. तेव्हापासून जुनी अ‍ॅम्बेसेडर शोधणारे वाढले आहेत. कोणी हौसेसाठी घेतो, कोणी लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्यासाठी. आमच्या ओळखीतल्या तीन-चार व्यापाऱ्यांनी अशा गाड्या घेतल्या, आणि त्यांतल्या दोघांचे नुकसान एकाच गोष्टीमुळे झाले. ती गोष्ट म्हणजे ऑइल प्रेशरचे मीटर. एकाने सुई वर पाहून गाडी घेतली, दुसऱ्याने सुई खाली पाहून चांगले इंजिन उघडले.

मुळात समज असा आहे की प्रेशर म्हणजे इंजिनाची ताकद. तसे नाही. पंप प्रत्येक फेऱ्याला ठराविक ऑइल पुढे ढकलतो. ते क्रँकच्या बेअरिंगांमधल्या बारीक फटींतून वाट काढत परत चेंबरमध्ये पडते. या वाटेत त्याला जी अडवणूक होते, ती मीटरवर पौंडात दिसते. फट वाढली की अडवणूक कमी, म्हणून प्रेशर कमी. ही फट नव्या इंजिनात इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ती दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच पातळपणाच्या ऑइलला सुमारे आठपट ऑइल निसटते. म्हणून झिजलेल्या इंजिनात पंप कितीही चांगला असला तरी पुरा पडत नाही.

पण फट तीच असताना ऑइल पातळ झाले तरीही प्रेशर उतरते, आणि तापलेले ऑइल पातळच असते. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर सुई साठच्या आसपास जाते, मालक खूष होतो. त्या आकड्याला काही किंमत नाही. तो आकडा साधारणपणे रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. प्रेशर ठराविक मर्यादेपुढे गेले की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे ऑइल चेंबरमध्ये परत सोडतो. खरी परीक्षा वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यानंतर घ्यावी. अ‍ॅम्बेसेडरचे जुने 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन मूळ इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचे. चांगल्या अवस्थेत ते गरम असताना रस्त्यावर 50 पौंडांच्या आसपास आणि स्लोवर 15 पौंडांच्या आसपास दाखवते. स्लोवर 10 आले आणि थोडी रेस देताच सुई झटकन वर गेली, तर घाबरण्यासारखे काही नाही. जुन्या मिस्त्रींचा हिशेब सोपा आहे : दर हजार फेऱ्यांना दहा पौंड.

येथे एक घोळ होतो. काही मीटर पौंडात असतात, काही किलोत. किलोच्या मीटरवर 1 म्हणजे 14 पौंड. आमच्या एका मित्राने स्लोवर सुई 1 वर पाहून दोन रात्री झोप घेतली नव्हती.

आता आमचीच हकीकत. आमच्या गाडीत विजेवर चालणारे मीटर बसवलेले होते. एकदा घाट चढून आल्यावर चहाला थांबलो तर सुई शून्याला टेकलेली. इंजिनाचा आवाज मात्र नेहमीचाच. इंजिन तेथेच बंद करून गाडी दोराने बांधून गावातल्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने बोनेट उघडले आणि ऑइलची काडीही न काढता सांगितले, बेअरिंगे गेली, क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागेल. आकडा ऐकून आम्ही गाडी घरी आणवली. मग एका म्हाताऱ्या उस्तादांना बोलावले. त्यांनी प्रथम काडी काढून ऑइलची पातळी पाहिली, बोटाला लावून वास घेतला. (पेट्रोलचा पंप इंजिनाला लागून असला आणि त्याचा पडदा फाटला, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, हा वास त्यासाठी.) मग मीटरचा सेंडर काढून त्या जागी रबरी नळीचे आपले साधे मीटर लावले. त्यात वीज नाही, ऑइल थेट नळीत येते. गाडी तापेपर्यंत चालवली. स्लोवर 18 पौंड. सेंडर खराब होता, एवढेच. उस्तादांनी मजुरीही घेतली नाही, सेंडरचे पैसे तेवढे घेतले.

सुई अचानक शून्यावर आली तर गाडी ताबडतोब बंद करावी, यात आमचे दुमत नाही. त्या वेळी घर दोन किलोमीटरवर आहे हा विचार करू नये. वळणावर किंवा ब्रेक मारताना सुई डगमगली तर बहुधा चेंबरमध्ये ऑइल कमी आहे आणि पंप हवा ओढतो आहे. पण या दोन्हींत आणि महिनोन्‌महिने हळूहळू उतरणाऱ्या सुईत फरक आहे. हळू उतरणारी सुई झीज सांगते. तरीही इंजिनाला हात लावण्याआधी ऑइल-फिल्टर बदलावे, दुसऱ्या मीटरने तपासावे. मग रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. या इंजिनात तो मागच्या बाजूला डावीकडे घुमटी नटाखाली असतो. स्प्रिंग बसली असेल किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकला असेल, तर काम अर्ध्या तासाचे. नटाखालचे फायबरचे वायसर नवे घालावेत, नाहीतर तेथून गळती लागते.

आता ज्याने सुई वर पाहून गाडी घेतली त्याची गोष्ट. दलालाने गाडी दाखवण्यापूर्वी चेंबरमध्ये जाड ऑइल आणि वर घट्ट करणारे औषध ओतले होते. जाड ऑइल फटीतून सावकाश निसटते, म्हणून सुई उंच. परंतु ते वर रॉकरपर्यंत पोहोचायलाही वेळ लावते, आणि गार सकाळी तेवढ्या वेळात धातूवर धातू घासतो. दोन महिन्यांनी ऑइल बदलले तेव्हा सुई स्लोवर 5 वर आली आणि खालून ठोका ऐकू येऊ लागला. आम्हा कापडवाल्यांना हे नवे नाही. विरळ कापडाला भरपूर खळ देऊन ताका वजनदार करणारे आमच्याही बाजारात आहेत, पहिल्या धुण्यात ते उघडे पडते. ज्याला ग्राहकाने फसवले म्हणून ओरडायचे आहे, त्याने आपल्या दुकानातली खळ आधी पाहावी, हे आम्ही आमच्यासकट सर्वांना म्हणतो.

मिस्त्री बांधवांवर आमचा राग नाही. इंजिन उघडण्यात त्यांची कमाई आहे, हे आम्ही जाणतो. परंतु नळीचे मीटर ही काही महाग वस्तू नाही. ते ज्याच्या गॅरेजात भिंतीला टांगलेले असेल आणि जो गिऱ्हाइकाला सुई दाखवून मगच पाना उचलतो, त्याच्याकडे आम्ही स्वतःची गाडी तर नेऊच, चार ओळखीच्यांनाही पाठवू. गाडी घेणाऱ्यांनी मात्र सौदा ठरवताना एक अट घालावी : इंजिन गार असताना आपल्यासमोर सुरू करायचे, त्यानंतर तासभर चालवायचे, आणि काडीवरचे ऑइल बोटांत चोळून पाहायचे. मधासारखे चिकट लागले तर ऑइल स्वखर्चाने बदलून पुन्हा मीटर पाहण्याची परवानगी मागावी. नाही म्हटले तर बयाणा देऊ नये.