टँकरचे बिल म्हणजे पाणी नव्हे!

वालीव-गोखिवऱ्याच्या कारखानदाराला पाण्याची जोखीम विचारा. तो टँकरचे बिल दाखवील. त्याच्याकडून सुटे भाग घेणारी बडी कंपनी अहवालात जलसंवर्धनाचे गोडवे गाते, पण तो टँकर कोणाच्या विहिरीवर भरला, हे विचारीत नाही. समुद्र उशाशी असलेल्या वसईत उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते. बावखले राखणाऱ्या बागाईतदाराला हे शास्त्र न शिकताच ठाऊक होते! केरळात प्लाचिमडाच्या भूजलावरून पेटलेल्या आंदोलनाने कोका-कोलाचा कारखाना २००४ साली बंद पाडला. आता सूर्या धरणाकडे बोट दाखविले जाते. ते धरण मुळात डहाणू-पालघरच्या वनवासी शेतकऱ्याच्या सिंचनासाठी बांधले होते. कंपन्यांनी खरेदीच्या करारातच पुरवठादाराकडून लिहून घ्यावे : विहीर कोणती, उपसा किती आणि शेजारचे बावखल शिल्लक आहे की बुजविले.