गळा जपणाऱ्याचे ऋण

ऑपेरागायकाच्या कीर्तीत वाटेकरी पुष्कळ असतात. संगीतकार, वाद्यवृंदाचा संचालक, नाट्यगृहाचा व्यवस्थापक, वृत्तपत्रांतील समीक्षक या सर्वांची नावे त्याच्या चरित्रात आदराने नोंदविली जातात. ज्याने त्याचा गळा घडविला आणि प्रसंगी मोडलेला गळा सांधून दिला, त्या शिक्षकाच्या वाट्याला मात्र बहुधा चरित्राच्या दुसऱ्या प्रकरणातील एखादी ओळ येते. हा केवळ शिष्टाचाराचा दोष असता, तर त्याची फारशी खंत करण्याचे कारण नव्हते. परंतु शिक्षकाचे हे विस्मरण अखेरीस गायकालाच महाग पडते, असा या कलेचा अनुभव आहे.

ऑपेराचा व्यवसाय मुळातच गळ्याची कठोर परीक्षा पाहणारा आहे. समोर भरगच्च वाद्यवृंद, पलीकडे दीड-दोन हजार श्रोत्यांचे सभागृह, आणि ध्वनिक्षेपकाचा आधार परंपरेने वर्ज्य. अशा स्थितीत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द आणि स्वर पोहोचवायचा, तोही अभिनय सांभाळून, ही गोष्ट निव्वळ ईश्वरी देणगीवर साधत नाही. श्वासाचा संयम, स्वराचा निर्मळ आरंभ, आवाजाच्या जातीला मानवणाऱ्या भूमिकांची निवड, या साऱ्यांचे शिक्षण वर्षानुवर्षे घ्यावे लागते. विशेष म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज श्रोत्यांना येतो तसा कधीच ऐकू येत नाही. म्हणूनच नामवंत झाल्यावरही त्याला दुसऱ्याच्या कानांची गरज भासते.

या संदर्भात 1841 सालची एक हकीगत आजही मननीय आहे. स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहात बालपणापासून वाढलेली जेनी लिंड ही गायिका अठराव्या वर्षी प्रमुख भूमिकेत उभी राहिली आणि पाहता पाहता स्वीडनची लाडकी झाली. लोकप्रियतेबरोबर प्रयोगांची संख्या वाढली आणि तीन वर्षांत तिचा गळा थकून गेला. ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या शिक्षकाकडे गेली. त्यांनी तिचे गाणे ऐकले आणि लगेच शिकविण्यास नकार दिला. आधी काही आठवडे गळ्याला संपूर्ण विश्रांती. गाणे तर नाहीच, बोलणेही शक्य तितके कमी, अशी त्यांची अट होती. ती पाळल्यावर मग शिक्षण सुरू झाले आणि ते सुमारे दहा महिने चालले. 1842 साली लिंड मायदेशी परतून पुन्हा रंगभूमीवर उभी राहिली. 1847 साली लंडनने आणि 1850 साली अमेरिकेने ज्या आवाजाचे अभूतपूर्व स्वागत केले, तो हा दुसऱ्यांदा घडविलेला आवाज होता.

या हकीगतीचे मर्म त्या नकारात आहे. लिंडच्या भोवती तिने आणखी गावे असे म्हणणारे असंख्य होते. प्रेक्षकांना ते हवे होते आणि नाट्यगृहाला ते लाभाचे होते. 'आता गाऊ नका' असे सांगण्याचा अधिकार आणि धैर्य एका शिक्षकापाशीच होते.

गार्सियांना हा अधिकार स्वतःच्या पराभवातून प्राप्त झाला होता. त्यांचे वडील आपल्या काळातील ख्यातनाम गायक. रोसिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी' या ऑपेरातील अल्माविवाची भूमिका 1816 साली रोममध्ये प्रथम त्यांनीच केली. मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो या दोघी बहिणींनी युरोप गाजविला. स्वतः गार्सिया मात्र विसाव्या वर्षी न्यूयॉर्कला वडिलांच्या नाटकमंडळीत गायले आणि थोड्याच वर्षांत रंगभूमी सोडून बाजूस झाले. त्यांच्या आवाजाने साथ दिली नाही. अन्य कोणी दैवाला दोष देत बसला असता. गार्सियांनी आवाज का जातो, याचा शोध घेण्यास प्रारंभ केला. लष्करी रुग्णालयांत त्यांनी कंठाच्या रचनेचा अभ्यास केला आणि 1840 साली मानवी आवाजावरील आपला प्रबंध फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. 1854 साली दंतवैद्याचा लहानसा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्यांनी गाताना हलणाऱ्या स्वतःच्या स्वरतंतूंचे दर्शन घेतले. पुढच्याच वर्षी या निरीक्षणांवरील त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचण्यात आला. कंठरोगांच्या वैद्यकाला त्यातून नवे साधन मिळाले. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये 1848 ते 1895 अशी 47 वर्षे त्यांनी अध्यापन केले आणि वयाची शंभरी ओलांडून 1906 साली ते निवर्तले. त्यांची शिष्या माटिल्डे मार्केसी हिने नेली मेल्बाला शिकविले आणि मेल्बा 1926 साली, पासष्टाव्या वर्षी, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम करीत होती. एका गायकाचे अपयश तीन पिढ्यांना पुरून उरले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शिक्षकांनी गळे जसे घडविले तसे बिघडविलेही आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. स्वराचा आरंभ स्वच्छ व्हावा म्हणून खुद्द गार्सियांनी सांगितलेल्या उपायाचा अर्धवट अर्थ लावून स्वर कंठातून धक्क्याने काढण्याची घातक रीत अनेकांनी पसरविली आणि त्यावर पुढे दीर्घकाळ वाद झाला. ब्रिटन किंवा अमेरिकेत आजही खासगी रीतीने गायन शिकविण्यास सरकारी परवाना लागत नाही. ज्याला वाटेल त्याने दारावर पाटी लावावी. तथापि यावरून शिक्षक अनावश्यक ठरत नाही. उलट, शिक्षकाचे काम अधिक जबाबदारीचे मानले पाहिजे, त्याच्या ज्ञानाची कसोटी उघडपणे लागली पाहिजे, हेच सिद्ध होते. गार्सियांचा मोठेपणा त्यांनी आपली विद्या विद्वानांच्या परीक्षेस खुली केली यात आहे. गूढतेचे वलय त्यांनी तिच्याभोवती राहू दिले नाही.

व्यवसायाची आजची घडी मात्र उलट दिशेने चालली आहे. जर्मनीत सार्वजनिक अनुदानावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत. तेथे नेमणुकीवर असलेल्या गायकाला निदान मासिक वेतनाची शाश्वती असते. परंतु स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या गायकाला बहुधा प्रयोगागणिक बिदागी मिळते; घसा बसला आणि प्रयोग चुकला की तीही बुडते. 2020 साली साथीमुळे नाट्यगृहे बंद पडली तेव्हा ठरलेले प्रयोग रद्द झाले आणि अनेकांना बिदागीवाचून घरी बसावे लागले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या बलाढ्य संस्थेनेही आपल्या वाद्यवृंदाचे आणि समूहगायकांचे वेतन थांबविले होते. एका आजारपणाने ज्याची चूल विझू शकते, तो थकलेल्या गळ्यानेही गाणारच. त्याला दोष देणे सोपे आहे. पण विश्रांती हीदेखील ज्या व्यवस्थेत चैन ठरते, ती व्यवस्था दोषी नाही काय?

हा प्रश्न परदेशापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. गार्सियांच्या कथेशी विलक्षण साम्य असलेली कथा आपल्याकडे घडून गेली आहे. अल्लादियाखाँचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने गेला आणि परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी विचारपूर्वक रचली. ती जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी पुढे कोल्हापूरच्या दरबारातून आणि मुंबईतून बहरली, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गोमंतकीय शिष्यांनी तिला वैभवाला पोहोचविले. पुढे कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर यांनी गळ्याच्या शास्त्राकडे गायकांचे लक्ष आवर्जून वेधले. म्हणजे महाराष्ट्राला या विचाराचे वावडे नाही. त्याचा विसर तेवढा पडला आहे.

त्या विसराची किंमत आज मुले मोजत आहेत. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत आठ-दहा वर्षांची मुले मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या पट्टीत आणि आवेशात गाताना दिसतात. वयात येताना मुलाचा कंठ वाढतो, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हा काळ गळ्याच्या दृष्टीने अत्यंत नाजूक. नेमक्या त्याच काळात एखादा मुलगा विजेता म्हणून गावोगावच्या कार्यक्रमांत फिरत असेल, तर त्याला थांबविणार कोण? संयोजक थांबविणार नाहीत. पालकांचा मोह समजण्यासारखा आहे. उरतो तो संगीतशिक्षक. परंतु ज्या शाळेत संगीताचा तास परीक्षा जवळ येताच गणिताला दिला जातो आणि ज्या घरात शिकवणीची फी द्यायची ती मूल लवकर मंचावर दिसावे म्हणूनच, तेथे 'याला वर्षभर गाऊ देऊ नका' असे म्हणण्याचे धैर्य त्या शिक्षकाने कोणाच्या बळावर दाखवावे?

उपाय अवघड नाहीत. संगीतशिक्षकांच्या प्रशिक्षणात कंठाची रचना आणि आवाजाचे आरोग्य हा विषय सक्तीचा करावा. बालगायकांच्या स्पर्धांना स्वरवैद्याच्या तपासणीचा आणि कार्यक्रमांच्या मर्यादेचा नियम लावावा. शाळेतील संगीतशिक्षकाला अन्य विषयांच्या शिक्षकाइतकेच स्थैर्य द्यावे, कारण नोकरीची शाश्वती नसलेला माणूस अप्रिय सत्य बोलू शकत नाही.

गार्सियांनी 1841 साली लिंडला लगेच शिकविण्याचे मान्य केले असते, तर त्यांना फी मिळाली असती, तिला समाधान लाभले असते, आणि तो आवाज कदाचित कायमचा नाहीसा झाला असता. त्या एका नकाराचे ऋण जगाच्या संगीतावर आहे. असा नकार देऊ शकणारा शिक्षक प्रत्येक गावात असावा आणि त्याचे ऐकले जावे, एवढी व्यवस्था करणे समाजाला जड जाऊ नये.