इंधन स्वदेशी, पारख कोणाची?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर जे वादळ उठले, त्याची मुळे आपल्या नाशिक जिल्ह्यात आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. २००१ साली केंद्र सरकारने इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे तीन पथदर्शी प्रकल्प हाती घेतले. त्यातील दोन महाराष्ट्रात होते, एक मिरज येथे व दुसरा मनमाड येथे. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला होता. अटलजींचे सरकार होते आणि पेट्रोलियम खाते राम नाईक यांच्याकडे होते. या प्रयोगांच्या आधारावर जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकण्यास प्रारंभ झाला. पुढे कार्यक्रम रेंगाळला, पण बंद पडला नाही. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा मुदतीपूर्वी पाच महिने गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. मुळात २०३० साठी ठरविलेले उद्दिष्ट अलीकडे आणून पूर्ण केले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

या धोरणाचे प्रस्तुत लेखक समर्थनच करतो. खनिज तेलासाठी परदेशाकडे पाहणारे राष्ट्र संकटाच्या वेळी ताठ मानेने उभे राहू शकत नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या कार्यक्रमामुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. हा पैसा आखातात जाण्याऐवजी निफाड-दिंडोरीच्या ऊसउत्पादकाकडे आणि मराठवाड्याच्या मकाउत्पादकाकडे वळत असेल, तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु धोरण योग्य असले, की त्याच्या अंमलबजावणीविषयी प्रश्न विचारणारा प्रत्येक जण तेलकंपन्यांचा हस्तक ठरतो काय? इंदिरानगरसारख्या वसाहतीत राहणारा, सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा, हप्ते फेडून एक दुचाकी आणि एक छोटी मोटार बाळगणारा गृहस्थ जेव्हा विचारतो की, ‘माझी गाडी पूर्वीइतकी का धावत नाही?’, तेव्हा त्याला देशभक्तीचा पाठ देणे हे उत्तर नव्हे. त्याला आकडे दिले पाहिजेत, आणि आकडे उपलब्ध आहेत.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. साधे गणित मांडले तर शुद्ध पेट्रोलच्या जागी वीस टक्के मिश्रण वापरल्यास लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा कमी मिळते. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेल्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातही हेच सांगितले होते. शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या मोटारींत सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के आणि दहा टक्क्यांसाठीच बनविलेल्या व वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या मोटारींत एक ते दोन टक्के घट, असा त्यातील अंदाज होता. म्हणजे समाजमाध्यमांवर गाडीचे मायलेज निम्म्यावर आल्याच्या ज्या कहाण्या फिरल्या त्या अतिरंजित होत्या, आणि काहीच फरक पडत नाही असे सांगणारेही पूर्ण सत्य सांगत नव्हते.

मात्र मायलेज हा या प्रश्नाचा वरवरचा भाग आहे. खरा प्रश्न इंजिनाला आपण काय पीत आहोत हे कळते की नाही, हा आहे. पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला केवळ ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा किलो. तेवढ्याच हवेत मिश्रण अधिक सोडावे लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हे प्रमाण पितळी जेटच्या छिद्राने एकदाच ठरून गेलेले असते. त्या छिद्राला मिश्रण बदलल्याची वार्ता कोणी देत नाही, आणि इंजिनाला इंधन कमी, हवा जास्त मिळू लागते. गाडी अडखळते, तापते. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू झाल्यानंतर आपल्याकडील दुचाकींत इंजेक्शन प्रणाली सार्वत्रिक झाली. त्याआधीच्या लक्षावधी कार्ब्युरेटर गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्या मुख्यतः मध्यमवर्गाच्या व त्याहून खालच्या थराच्या घरांत आहेत. रबरी नळ्या, ओरिंग, टाकीचा आतला थर यांवर इथेनॉलचा व त्याने ओढून घेतलेल्या पाण्याचा परिणाम होतो, ही गोष्ट वेगळीच.

नव्या गाडीत धुराच्या नळीत एक ऑक्सिजन संवेदक बसविलेला असतो. जळून उरलेल्या वायूत प्राणवायू किती शिल्लक आहे हे तो सांगतो आणि नियंत्रक, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, त्यावरून इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवायचा ते ठरवितो. हा संवाद अखंड चालू असतो. नियंत्रक मिळालेला अनुभव स्मृतीत साठवितो आणि इंधनाचे प्रमाण हळूहळू नव्या मिश्रणाला जुळवून घेतो. म्हणूनच बहुतेक नव्या गाड्यांना वीस टक्के मिश्रण पचते.

पुढचा टप्पा फ्लेक्स इंधनाचा आहे आणि तेथे प्रश्न अधिक अवघड होतो. वाहनमालकाच्या टाकीत निम्मे वीस टक्क्यांचे पेट्रोल असताना त्याने पंच्याऐंशी टक्के इथेनॉल भरले, तर आतले मिश्रण नेमके किती? यावर एक उपाय म्हणजे इंधनाच्या नळीतच इथेनॉल मोजणारा संवेदक बसविणे. पेट्रोल व इथेनॉल यांचे विद्युत गुणधर्म इतके भिन्न आहेत की, त्यावरून प्रमाण ओळखता येते. पण हा संवेदक महाग पडतो, दुचाकीला तर फारच. दुसरा उपाय ब्राझीलने रूढ केला. तेथे २००३ साली फोक्सवॅगनची ‘गोल’ ही फ्लेक्स इंधनाची मोटार बाजारात आली तेव्हा तिच्यात असा वेगळा संवेदक नव्हता. ऑक्सिजन संवेदकाच्याच संकेतांवरून नियंत्रक इथेनॉलचे प्रमाण ताडत असे. उपाय स्वस्त आणि चतुर खरा, पण त्यात एक मेख आहे. इंजेक्टरमध्ये मळ साचला, इंधनपंप अशक्त झाला किंवा हवेची नळी कोठे फाटली, तरीही धुरात प्राणवायू वाढतो. नियंत्रकाला वाटते, टाकीत इथेनॉल अधिक आले. तो त्याप्रमाणे गणित बदलतो आणि मूळ बिघाड झाकला जातो. टाकी भरल्यानंतरच नवे अनुमान काढायचे, इतर वेळी नाही, अशा युक्त्या त्यासाठी योजाव्या लागतात. यातील प्रत्येक युक्ती शेकडो तास तपासावी लागते.

ही तपासणी म्हणजे केवळ गाडी रस्त्यावर फिरवून पाहणे नव्हे. इंजिन डायनॅमोमीटरवर चढवून प्रत्येक मिश्रण, प्रत्येक वेग, प्रत्येक भार यांच्या जोड्या मोजाव्या लागतात. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते का, थंडीत न जळलेले इंधन तेलात उतरते का, इंजेक्टरच्या टोकावर किती थर बसतो, सारे पाहावे लागते. पुण्यात १९६६ पासून उभी असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे सर्वपरिचित ‘एआरएआय’, हे काम करीत आली आहे. परीक्षणसंस्थेचे मोल तिने ‘नाही’ म्हटल्यावर कळते. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग यशस्वी ठरले नाहीत, असे सप्टेंबर २०२५ मध्ये नितीन गडकरी यांनी स्वतःच सांगितले आणि आयसोब्युटॅनॉलच्या चाचण्या सुरू झाल्या. नामंजूर झालेल्या प्रयोगाची अशी उघड वाच्यता सार्वजनिक जीवनात क्वचितच होते, तेव्हा तिचे स्वागतच केले पाहिजे. पेट्रोलच्या बाबतीतही हाच मोकळेपणा हवा होता. चाचण्यांचे वर्षावार, गाडीच्या प्रकारावार तपशील सामान्य माणसाच्या भाषेत छापले असते, तर कोणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले नसते. त्या याचिकेत बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागितला होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळली गेली. कायद्याचा प्रश्न मिटला, शंका उरली.

ब्राझीलचा दाखला आपल्याकडे सोयीपुरता दिला जातो. तेथे साध्या पेट्रोलमध्येच आज तीस टक्के इथेनॉल असते, हे खरे. पण त्याच पंपावर शुद्ध इथेनॉलही वेगळ्या भावाने मिळते आणि त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे, हा हिशेब तेथील टॅक्सीवालाही करतो. कमी ऊर्जेच्या इंधनाला कमी भाव, असा सरळ न्याय. आपल्याकडे मक्यापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदरच लिटरला ७१ रुपये ८६ पैसे ठरला होता. भाव कमी करणे त्यामुळे सोपे नाही, हे मान्य. मग निदान पंपावर ठळक अक्षरांत मिश्रणाचे प्रमाण व अपेक्षित घट लिहावी.

एकाहून अधिक इंधनांचे इंजिन ही काही उद्याची गोष्ट नाही, ते आपल्या दारात उभे आहे. सीएनजीची रिक्षा, सीएनजीची मोटार पेट्रोलवर सुरू होते आणि मग वायूवर जाते. पुण्याच्या बजाज ऑटोने ५ जुलै २०२४ रोजी सीएनजी व पेट्रोल दोन्हींवर चालणारी ‘फ्रीडम’ ही मोटारसायकल आणली. दोन किलो वायू, दोन लिटर पेट्रोल, आणि हाताशी एक खटका. तो खटका दाबल्यावर आत किती गोष्टी बदलतात! वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. वायूचे इंजेक्टर वेगळे, त्यांचा दाब वेगळा. कारखान्यात बसविलेल्या यंत्रणेत हे सारे एका नियंत्रकाच्या ताब्यात असते. बाहेर बसविलेल्या किटमध्ये मूळ संगणकाला फसवून काम भागविले जाते, आणि ते जुळविणाऱ्या कारागिराजवळ धूर मोजण्याचे यंत्र नसले तर सगळे कानावर अवलंबून राहते.

सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. आपल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनच्या टाकीची तारीख किती पालकांनी पाहिली आहे? घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरण्याचे उद्योग महाराष्ट्रात किती वर्षे उघड चालले आणि त्यात किती स्फोट झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तासभर वाद घालणारे आपण, हा प्रश्न कधी विषयपत्रिकेवर घेतो काय?

नाशिककरांनी या विषयात मागे राहू नये, याला आणखी एक कारण आहे. इंजेक्टर व नॉझल हे या शहराचे हातखंडा काम. ‘मायको’ कंपनी २००८ साली बॉश झाली तरी चौकाचे नाव मायको सर्कलच राहिले आणि त्या कारखान्यात दोन पिढ्या घडल्या. एका केसाच्या अंशाइतके छिद्र बिनचूक पाडणारे हात येथे आहेत. महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीस आहे. सिटीलिंकच्या सीएनजी बसगाड्या रोज शहरात धावतात. डिझेलचे दिवस फिरू लागल्यावर हे कौशल्य कोठे वळवायचे, हा सातपूरच्या अनेक घरांत आज भेडसावणारा प्रश्न आहे. इथेनॉलचे इंजेक्टर, इंधनपंप, संवेदक आणि त्यांची परीक्षणयंत्रे, हे त्याचे एक स्वाभाविक उत्तर आहे.

येथे स्वदेशीचाही विचार केला पाहिजे. ऊस आपला, मका आपला, आसवनीची यंत्रे पुण्याच्या प्राजसारख्या कंपन्यांची. पण गाडीच्या नियंत्रकाचा ‘मेंदू’ मात्र बहुतांशी जर्मन वा जपानी कंपन्यांच्या मालकीचा आहे. त्यातील आकडे जुळविणारे अभियंते पुष्कळदा आपलीच मुले असतात, बंगळूरला किंवा पुण्याला बसलेली, मालकी मात्र बाहेरची. इंधनाच्या परावलंबनातून सुटून नियंत्रणाच्या परावलंबनात अडकायचे असेल, तर वाचविलेल्या परकीय चलनाचा काही भाग दुसऱ्या दाराने बाहेर जाणारच.

म्हणून मागणी नेमकी हवी. जिल्हापातळीवर किमान एक सार्वजनिक चाचणीकेंद्र असावे, जेथे कोणाही वाहनमालकाला माफक शुल्कात आपल्या गाडीचे मिश्रण, धूर आणि इंधनाचे जुळवून घेतलेले प्रमाण पाहता येईल. नाशिकच्या आयटीआय व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ते चालवावे. विद्यार्थ्यांना काम मिळेल आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला शिकण्याची जागा. त्याच्याकडे आज स्कॅनर नसतो आणि असला तरी आकड्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो, परिणामी प्रत्येक बिघाडाचे खापर तो इथेनॉलवर फोडतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी योग्य जेट व इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांचा संच उत्पादकांनी उत्पादनखर्चात द्यावा. इतके तर जुन्या ग्राहकाचे देणे लागते.

आणि फ्लेक्स गाड्यांना परवाने देण्यापूर्वी त्यांची एक चाचणी नाशिक जिल्ह्यातच घ्यावी. शुद्ध इथेनॉलची वाफ तेरा अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेण्याइतकी होत नाही. ब्राझीलच्या गाड्यांत त्यासाठी अनेक वर्षे पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी ठेवावी लागली. जानेवारीच्या पहाटे निफाडला पारा पाच अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवितो. त्याच पहाटे, रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी पहिल्या खटक्याला सुरू होते का, ते तेथे जाऊन पाहावे.