वहीतले शब्द

आज 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. महाविद्यालयांत भाषणे होतील, भित्तिपत्रके लागतील. आम्हाला आज विद्यार्थ्यांच्या संशोधनाविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी झिंबाब्वेतल्या हरारेपासून सुरुवात करावी लागते.

मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल 1990च्या दशकात, तरुणपणी, झिंबाब्वेत काम करत होते. तिथल्या दवाखान्यांत 'मला नैराश्य आले आहे' असे कोणी सांगायला येत नसे. शोना भाषेत लोक म्हणत, 'कुफुंगिसिसा': डोक्यात विचार थांबतच नाहीत. पटेल आणि सहकाऱ्यांनी आजाऱ्यांच्या तोंडचे असे शब्द वेचले आणि त्यांतून 14 प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. पुढे तिथलेच मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेतल्या आजीबाईंना समुपदेशन शिकवले. दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर त्या माणसांना बोलते करू लागल्या. त्याने बरे वाटते का, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजले गेले ते त्याच 14 प्रश्नांनी. वेचलेले शब्द वीस वर्षे कामाला आले.

गोव्यात 1996 साली पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था उभी केली. तिथे तर मानसोपचाराचे शिक्षण नसलेले स्थानिक समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलले. तीन महिन्यांनी त्यांतले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ डॉक्टरांचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते.

आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) योजनेतून दोन महिन्यांचे संशोधन करता येते. संधी चांगली आहे. पण विषय मानसिक आरोग्याचा असला की प्रश्नावली बहुधा मोबाइलवरून वर्गमित्रांनाच जाते. मित्रांचा ताण खरा असतो, तो कमी लेखायचा नाही. मात्र 'जीव घाबरा होतो', 'कशात मन लागत नाही' असे सांगत उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेली बाई त्या तक्त्यात येतच नाही. इंग्रजी प्रश्नाचे मराठी केले म्हणून तो तिच्या मनाला भिडेल असे नाही. मेळघाटात तर मराठीही पुरत नाही. तिथे कोरकू बोलणारी विद्यार्थिनीच हे काम नीट करू शकेल.

तिला एकटे मात्र सोडू नये. ऐकता ऐकता कोणी मरणाचे बोलले तर काय करायचे, कोणाला बोलवायचे, हे तिला आधी ठाऊक हवे. 2022 साली याच दिवशी सुरू झालेल्या टेलि-मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक तिच्याजवळ असावा, आणि मार्गदर्शक रात्रीही फोन उचलणारा असावा.

दोन महिन्यांत निष्कर्ष निघाला नाही तरी चालेल. वहीत लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरले पाहिजेत. मानसोपचार विभागांनी या वह्या वाचण्यासाठी आठवड्यातला एक तास राखून ठेवावा, आणि शोधनिबंध निघाला तर वही लिहिणाऱ्या मुलीचे नाव त्यावर पहिले छापावे.