पेटीची चिठ्ठी आणि माझा पोर्टफोलिओ

‘बी. ए. करून पुढं काय?’ हा प्रश्न आमच्या घरी रोज रात्री जेवणाबरोबर वाढला जातो. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारीही माझीच. गेल्या वर्षी मी एक उत्तर शोधले – यूएक्स डिझाइन! आईने विचारले, ‘म्हंजे शिवणकाम का ग?’ तिला मी सांगितले ते असे : एखादा अर्ज, यंत्र किंवा मोबाईलवरचा कारभार वापरताना माणूस कोठे अडतो, कोठे चुकतो हे पाहायचे आणि ती गोष्ट त्याला सोपी करून द्यायची. या क्षेत्रात उमेदवाराच्या पदवीपेक्षा त्याने केलेल्या कामाचा संग्रह अधिक बारकाईने पाहतात. त्यालाच पोर्टफोलिओ म्हणतात.

साहजिकच सगळे करतात तेच मीही केले. मैत्रिणीच्या भावाचा लॅपटॉप मागून आणला आणि घरपोच जेवण देणाऱ्या एका अ‍ॅपचे रूप ‘सुधारले’. रंग बदलले, कडा गोल केल्या. दिसायला झकास! पण तासगावातल्या आमच्या गल्लीत त्या अ‍ॅपवरून कधी कोणी जेवण मागवलेले नाही. मग मी अडचण सोडवली ती कोणाची? अशी बारा चित्रे घेऊन मी एका शिकवणी वर्गात गेले, तर तेथील गृहस्थ म्हणाले, ‘फी भरा, पोर्टफोलिओ आम्ही करून देतो.’ फीचा आकडा आईच्या हंगामभराच्या मजुरीहून मोठा होता. आणि करून दिलेला पोर्टफोलिओ म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेली प्रकल्प-वहीच की! (अशा वह्यांची परंपरा किती जुनी आहे, हे प्राध्यापकवर्गाला मी सांगायला नको.)

माझे मत असे की, चांगला पोर्टफोलिओ आधी पाहण्यातून घडतो. चित्रे मागाहून येतात. आणि पाहायला आपल्या तालुक्यात काय कमी आहे?

माझी आई बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाते. द्राक्षे द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर वाळवतात. मग काड्या आणि काळे मणी वेगळे काढून १५ किलोच्या पेट्या भरायच्या, हे काम बायकांचे. आईच्या शेडवर मजुरी पेटीमागे आहे. शनिवारी हिशेब होतो तेव्हा मुकादमांच्या वहीत १८ पेट्या आणि आईच्या बोटांवर २०! खरे कोण, हे ठरवायला कागद नाही. मग दोन पेट्यांचे पैसे सोडून आई घरी येते आणि त्या रात्री स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच होतो.

मी प्रथम मोबाईलवरच हिशेबाचे पडदे तयार केले आणि पाच जणींना दाखवले. एकीने आपले साखरेने चिकट झालेले हात पुढे केले. ‘ह्या हातानं मोबाईल धरू व्हय ग पोरी?’ दुसरीचा मोबाईल दिवसभर मुलाकडे असतो. मग कागदावर चौकोन आखून दिले, पेटी झाली की खूण करायची. पण पेन कोणाकडे होते? तिसऱ्या वेळी काहीही न दाखवता मी दिवसभर शेडच्या कोपऱ्यात नुसती बसून राहिले. तेव्हा दिसले की, प्रत्येकीच्या बांगडीत किंवा मंगळसूत्रात सेफ्टी पिन आहे. मी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या जोडचिठ्ठ्या केल्या. दोन्ही अर्ध्यांवर एकच आकडा. पेटी भरली की अर्धी चिठ्ठी पेटीवर, अर्धी पिनेत. दोन आठवडे हिशेब जुळला. तिसऱ्या आठवड्यात मुकादमांनी चिठ्ठ्या बंद केल्या.

हे सारे, बंद पडल्याच्या हकिकतीसह, माझ्या पोर्टफोलिओत आहे. फसलेले दोन्ही प्रयत्नही आहेत. फोटो मात्र नाहीत, कारण बायकांनी नको म्हटले. हातांची रेखाचित्रे काढली आहेत.

एका मित्राने शंका काढली, ‘यात स्क्रीनच नाही, हे यूएक्स कसले?’ हा शब्द ज्यांनी १९९० नंतर अ‍ॅपल कंपनीत असताना रूढ केला, त्या डोनाल्ड नॉर्मन यांचे १९८८ सालचे पुस्तक उघडावे. त्यात दारे, शेगड्यांची बटणे, दिव्यांची बटणे यांचीच चर्चा आहे! चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचा विचार केला आहे – तो हातात कसा बसतो, डोक्यावर-कमरेवर कसा नेतात, त्यातून पाणी कसे ओतते, त्याची किंमत काय. त्या अहवालामागोमाग १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आणि पाचच बायका का, असे कोणी विचारील, तर जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले आहे की, पाच जणांना वापरायला दिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. शंभर जणांची एक फेरी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या अनेक फेऱ्या कराव्यात.

म्हणून वीस कामे गोळा करण्याच्या भानगडीत पडू नये. तीन पुरेत, पण प्रत्येकात आपला वाटा कोणता आणि कोणाच्या सांगण्यावरून काय बदलले, हे स्पष्ट असावे. कला शाखेच्या मुलांनी बिचकण्याचेही कारण नाही. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचे केंद्र आहे. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीची ‘सीड’ परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. संगणकावर मराठी वाचताना वर्षानुवर्षे आपण जो ‘मंगल’ टंक पाहिला, तो घडवणारे र. कृ. जोशी याच केंद्रात शिकवत. अर्ज कसा भरावा, हे माणसाला विचारायला भाषा लागते, आणि ती तर आपण तीन वर्षे शिकतोच.

माझ्या त्या कामात एक मोठी उणीव आहे. पाच बायकांना विचारले, पण चिठ्ठ्या ज्यांनी बंद केल्या, त्या मुकादमांना मी एकदाही विचारले नाही. दिवसाला शेकडो पेट्यांवर चिठ्ठ्या लावताना त्यांचा किती वेळ जात असेल? की कारण वेगळेच होते? द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की प्रथम त्यांच्याकडे जाणार आहे. आईला हे अजून सांगितलेले नाही. तिला वाटेल, पोरगी माझे काम घालवते की काय!