आधी गिऱ्हाईक, मग विक्रेता

सर्व्हरच्या बाजारात चांगली चिप बनवली की निम्मेच काम होते. हात पोळलेले गिऱ्हाईक पुन्हा दारात आणणे हे उरलेले निम्मे. एएमडीच्या डेटा सेंटर व्यवसायाची धुरा सांभाळलेल्या फॉरेस्ट नॉरोड यांची कारकीर्द या दुसऱ्या कामाची आहे. रॅक उभे करणाऱ्या आणि चालवणाऱ्या आपल्या वाचकांनी ती बारकाईने पाहावी.

नॉरोड इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एचपी, मग सायरिक्स आणि नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये एक्स86 चिपचे काम, त्यानंतर डेल. तिथे मोठ्या इंटरनेट कंपन्यांना त्यांच्या गरजेबरहुकूम सर्व्हर बनवून देणारा विभाग त्यांनी उभा केला. पुढे डेलचा सगळा सर्व्हर व्यवसायच त्यांच्याकडे आला. थोडक्यात, प्रोसेसर कंपन्यांचे ते बडे गिऱ्हाईक होते. 2014 च्या अखेरीस ते एएमडीत दाखल झाले.

तेव्हा एएमडीची पत रसातळाला गेली होती. 2003 मध्ये आलेल्या ऑप्टेरॉनने तीनेक वर्षांत एक्स86 सर्व्हरच्या बाजाराचा सुमारे चौथा हिस्सा मिळवला होता. पण पुढची बार्सिलोना चिप रखडली, तीत टीएलबीचा दोष निघाला आणि उतरण सुरू झाली. 2017 उजाडेपर्यंत हिस्सा एक टक्क्याच्याही खाली होता. यातून सावरण्यासाठी एएमडीने आणलेल्या नव्या झेन गाभ्याची रचना माइक क्लार्क आणि सहकाऱ्यांची. तिचे श्रेय नॉरोड यांना देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: या गाभ्यावरची चिप कोण घेईल आणि का?

जून 2017 मध्ये आलेल्या पहिल्या एपिक सर्व्हर चिपमध्ये, म्हणजे ‘नेपल्स’मध्ये, उत्तर दिसते. 32 कोअर, मेमरीचे 8 चॅनेल आणि पीसीआयईच्या 128 लेन, तेही एकाच सॉकेटवर. अनेक ठिकाणी दुसरा प्रोसेसर केवळ मेमरी आणि स्लॉट वाढवण्यासाठी घेतला जात असे. नेमक्या त्या खरेदीदाराला हा पर्याय होता. उणीवही होती. आत चार डाय, म्हणजे एका सॉकेटमध्ये चार न्यूमा नोड. एखादे मोठे व्हर्च्युअल मशीन दोन डायवर पसरले की मेमरी गाठायला जास्त वेळ लागे. 2019 च्या ‘रोम’ या दुसऱ्या पिढीने मध्यभागी वेगळा आयओ डाय बसवून हे दुखणे बरेच कमी केले. शिवाय ‘नेपल्स’, ‘रोम’ आणि ‘मिलान’ या तिन्ही पिढ्या एसपी3 या एकाच सॉकेटवर राहिल्या. नवा बोर्ड तपासून घेण्यात सर्व्हर कंपनीचे किती महिने आणि किती पैसे जातात, हे डेलमध्ये राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

2024 मध्ये एएमडीचा डेटा सेंटर महसूल 12.6 अब्ज डॉलरवर गेला. त्यात एआयसाठीच्या जीपीयूंचा वाटा मोठा आहे, आणि इंटेलची 10 नॅनोमीटरची गाडी रुतली हे नशीबही. पण प्रतिस्पर्धी अडखळला तेव्हा दुकानात माल तयार होता, हे नशिबाने होत नाही.

खरेदीच्या बाजूला मात्र आपल्याकडे अजूनही गेल्या वेळची निविदा उघडून तारीख बदलली जाते आणि ‘ड्युअल सॉकेट’ हे शब्द तसेच राहतात. त्या दुसऱ्या सॉकेटवर वर्षभर किती भार पडला, हे कोणी तपासत नाही. उलट टोकही तितकेच महाग. 2020 मध्ये व्हीएमवेअरने प्रतिप्रोसेसर लायसन्सला 32 कोअरची मर्यादा घातली आणि 64 कोअरचा एक सॉकेट घेणाऱ्यांना दोन लायसन्सचा खर्च आला. म्हणून पुढच्या निविदेआधी कोअर, मेमरी, लेन आणि लायसन्स यांचा हिशेब मॉनिटरिंगच्या आकड्यांवरून मांडा, आणि तो मांडताना रात्रपाळीचा अ‍ॅडमिन खरेदी समितीत बसवा. विक्रेत्याला अडचणीत आणणारे प्रश्न त्याच्याकडेच असतात.