आल्या वाटेने परत नको

मुलांनो, डोंगरावर सहलीस जाऊन आलेल्या विद्यार्थ्याला "काय पाहिलेस?" असे विचारले, तर तो बहुधा शिखराचेच वर्णन करू लागतो. किती उंच चढलो, कोणाच्या आधी पोहोचलो, हे त्याला तोंडपाठ असते. उतरताना काय पाहिले, ते मात्र सांगता येत नाही. त्यात त्याचा दोष थोडाच! ज्या वाटेने तो चढला, त्याच वाटेने त्याला उतरविलेले असते. माझे मत असे आहे की, दिवसभराची डोंगरयात्रा शक्य तेथे एका वाटेने चढून दुसऱ्या वाटेने उतरणारी असावी.

पुणे जिल्ह्यातील राजगडाचेच उदाहरण घ्या. रायगडापूर्वी शिवाजी महाराजांची राजधानी या गडावर होती. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये येथेच परतले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजगडही आहे. मध्यभागी उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन अंगांना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी त्याची रचना आहे. गुंजवणे गावातून वर पाहिले, म्हणजे पद्मावती, बालेकिल्ला व सुवेळा डोळ्यांत भरतात. संजीवनी मात्र गडाच्या पाठीमागे राहते. एका बाजूने पाहणाऱ्याला गड असा अपुराच दिसतो.

गडाच्या दारांचेही तसेच आहे. गुंजवण्याहून चढणारी एक वाट चोरदरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचते. वरचा टप्पा खड्या कातळाचा आहे आणि दार इतके लहान, की एकामागून एक असेच आत शिरावे लागते. याउलट पाली दरवाजाची वाट रुंद असून पायऱ्यांची आहे. तिचे पहिले प्रवेशद्वार असे प्रशस्त आहे, की त्यातून अंबारीसह हत्ती जाऊ शकेल, असे सांगतात. राजधानीला राजमार्गही हवा आणि संकटकाळी उपयोगी पडणारी आडवाटही हवी. पुस्तकातील दहा ओळींनी हे जितके समजणार नाही, तितके दोन्ही दारांतून स्वतः गेल्याने समजते.

मग कोणत्या वाटेने चढावे? माझ्या मते चोरदरवाजाने चढावे व पाली दरवाजाने उतरावे. सकाळी पाय ताजे असतात आणि मन सावध असते, म्हणून अवघड वाट तेव्हाच संपवावी. उतरताना मांडीचे स्नायू शरीराचा भार सतत रोखून धरीत असतात, गुडघ्यांवर ताण पडतो आणि थकलेले पाऊल घसरते. अशा वेळी रुंद पायऱ्या मिळाल्या, तर त्यांचे मोल कळते. पुष्कळांना उतरण म्हणजे केवळ विसावा वाटतो. दिवसाचे निम्मे काम तिच्यावरच असते, हे ते विसरतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. ओळखीची वाट सुरक्षित असते. अनोळखी वाटेवर मुले चुकली, तर काय करावे? याचसाठी दोन्ही वाटा जाणणारा गावकरी बरोबर घ्यावा, असा माझा आग्रह आहे. दुसरे असे की, पद्मावती माचीवर पोहोचताच घड्याळ पाहावे. तेथे तलाव आहे, पद्मावती देवीचे मंदिर आहे, महाराणी सईबाईंची समाधी आहे. दर्शन घ्यावे, शिदोरी सोडावी आणि उरलेल्या दिवसाचा हिशेब मांडावा. बालेकिल्ल्याची चढण उभ्या कड्यातील पायऱ्यांची आहे. कातळ ओला असेल किंवा दिवस फार वर आला असेल, तर तिला खालूनच नमस्कार करावा. "इतके आलो आणि माथा गाठला नाही!" असे काही जण हिणवतील, हिणवू द्यावे. पाली दरवाजाच्या पायऱ्यांवर अंधार पडण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. शिक्षकांनीही माथा गाठणाऱ्याचीच पाठ थोपटू नये. मागे राहिलेल्याचे ओझे ज्याने उचलले, त्याचेही नाव घ्यावे.

पायथ्याशी आल्यावर गडाला वळसा घालून गुंजवण्यास परतण्याची चाल उरते. ती लांब आहे आणि कंटाळवाणीही आहे; वाहनाची सोय असल्यास त्यात बसण्यास माझी हरकत नाही. परंतु बसण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. सकाळी जी दिसली नव्हती, ती संजीवनी माची आता तोरण्याच्या दिशेने लांबवर पसरलेली दिसेल.